जुने आउटबोर्ड इंजिन: आधी कॉम्प्रेशन मोजावे, मग खर्चाचा विचार करावा

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेले, जुने इंजिन दुरुस्त करावे की नवे घ्यावे, असे आपण विचारले आहे. आपले इंजिन २५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आणि सुमारे २० वर्षांचे आहे. पहिली काही वर्षे ते अलिबागच्या खाऱ्या पाण्यात चालले आणि आता भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर आहे. हळू चालवताना ते सुरळीत चालते, पण पूर्ण थ्रॉटल दिला की दम सोडते, आणि मिस्तरींनी ‘नवेच घ्या’ असे सांगितले आहे. माझ्या मते या लक्षणावरून इंजिन बाद ठरवणे घाईचे आहे, कारण पेट्रोल कमी पोहोचत असले तरी नेमके असेच होते.

पुढच्या फेरीत बोट पूर्ण वेगात असताना आणि इंजिन दम सोडू लागताच सोबतच्या व्यक्तीला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायला सांगावे. जोर परत आला, तर दोष नळीत, तिच्या जोडांत किंवा इंजिनच्या पेट्रोल पंपात आहे. मी स्वतः एकदा ही साधी परीक्षा न करता इंजिन पूर्ण उघडायला दिले आणि शेवटी तडा गेलेली नळी तेवढी बदलावी लागली. मजुरीचे बिल मात्र पूर्ण भरावे लागले. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, आणि टाकी महिनोन्महिने तशीच राहिली तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. त्या थरात पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोकचे तेल जवळजवळ नसते; तो इंजिनमध्ये ओढला गेला, तर पिस्टन कोरडा घासला जातो. म्हणून जुने पेट्रोल काढून टाकून, कार्ब्युरेटर साफ करूनच पुढची तपासणी करावी.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन निर्माण करतो तो दाब. दोन्ही स्पार्क प्लग काढून, त्यांच्या तारा इंजिनच्या धातूला जोडून (अर्थिंग करून), थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि प्लगच्या जागी लावलेल्या दाब मोजायच्या गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत इंजिन सुरू करायची दोरी ओढावी. प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे असतील, तर दुचाकीच्या गॅरेजमधला गेज बहुधा चालतो. नाहीतर पुण्यातल्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी. एकूण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो. तो दहा टक्क्यांच्या आत असेल, तर मी दुरुस्तीच करीन. एक सिलिंडर बराच खाली असेल, तर रिंगा, पिस्टन आणि बोअरिंग यांचा खर्च समोर उभा राहतो.

गिअर ऑइलही थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल, तर त्यात पाणी शिरले आहे, म्हणजे सील गेले आहेत. सील स्वस्त असतात, पण तेलात धातूचा चुरा आढळला तर गिअरही गेले असे समजावे. इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारे पाणी ओढणारे रबरी चाक) तर बदलूनच टाकावा. उजनीतली जलपर्णी पाण्याची वाट अडवते, तेव्हा झळ त्यालाच बसते.

मला खरी धास्ती आहे ती अलिबागच्या वर्षांची. मिठामुळे ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले बोल्ट उघडताना तुटतात आणि दोन दिवसांचे काम महिनाभर लांबते. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी असेल आणि बोल्टही जाम असतील, तर नवे इंजिन घेणेच बरे. मात्र त्याआधी बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजावी (शाफ्ट साधारणपणे १५ किंवा २० इंचांच्या उंचीसाठी असतो) आणि नवे इंजिन फोर-स्ट्रोक असेल, तर त्याचे जास्त वजन ती फळी पेलेल का, हे पाहावे.