इंग्लंडमध्ये घर ठरलं होतं, पण एक्स्चेंजच्या, म्हणजे करार पक्का होण्याच्या, आधीच मालकांनी माघार घेतली. यातून सावरायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मिल्टन कीन्समधलं तुमचं पहिलंच घर होतं. ऑफर मान्य होऊन चार महिने झाले होते, मॉर्गेज मंजूर होतं, घराचा सर्व्हे (तपासणी) झाला होता, एक्स्चेंजची तारीखही तोंडी ठरली होती. आणि मागच्या गुरुवारी एजंटचा फोन आला की मालकांनी विकायचा विचारच सोडला. सुमारे अठराशे पौंड गेले. बायको दोन दिवस नीट बोललेली नाही. आणि जे घर आपलं झालंच नव्हतं त्याच्यासाठी एवढं रडू कसं येतं, असं तुम्ही विचारताय.

येतं हो. आम्ही यातून गेलोय.

२०२२ च्या जूनमध्ये रेडिंगला एक तीन बेडरूमचं सेमी (शेजारच्या घराला एका बाजूने जोडलेलं घर) आम्हाला मिळालं होतं. ऑक्टोबरात मालकीणबाई ज्या घरात जाणार होत्या ते घर त्यांच्या हातून गेलं, त्यांनी आपलं घर विक्रीतून काढून घेतलं आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांची सगळी चेन तुटली. तोवर आमचं अर्धं स्वयंपाकघर खोक्यांत गेलं होतं. एजंटचा फोन झाल्यावर मी आत गेले आणि सुरीने चिकटपट्टी कापून मिक्सर बाहेर काढला, कारण संध्याकाळी चटणी वाटायची होती. चटणीचं भांडं तळाशी होतं, सासूबाईंनी दिलेल्या समईच्या खाली. समई जुन्या साडीत गुंडाळून ठेवली होती. ती बाहेर काढली आणि आता ती परत खोक्यात ठेवायची की कपाटात, हेच मला सुचेना. फोनवर मी अगदी शांत बोलले होते. रडू तिथे आलं.

ड्रॉवरमध्ये एका पाकिटाच्या पाठीवर नवऱ्याच्या अक्षरात मापं लिहिलेली होती: फ्रीजची जागा ६२ सेंटीमीटर, खिडकीपासून भिंत किती, आणि जिन्याखालच्या कोनाड्यासमोर नुसतं ‘देव?’. मुलीच्या शाळेचं गणितही त्याच पत्त्यावर मांडलं होतं, कारण रिसेप्शनचा (शाळेच्या पहिल्या वर्गाचा) अर्ज १५ जानेवारीच्या आत भरायचा असतो. ते पाकीट महिनाभर कोणी टाकलंही नाही आणि कोणी उघडून पाहिलंही नाही. चार महिने तुम्ही दोघं मनाने त्या घरात राहत होतात. मग तिथून असं अचानक निघावं लागलं तर त्रास होणारच, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका.

साताऱ्याहून बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, विसार दिला होता ना? मग बाई फिरली कशी?" तुमच्याही घरून हेच विचारत असतील. आपल्याकडे विसार पावती होते, साठेखत होतं, माणूस थोडा तरी बांधला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली तरी ती ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे करार होईपर्यंत कच्चीच असते. १९८९ च्या कायद्याप्रमाणे जमीन-घराचा करार लेखी आणि सह्यांचा असल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि त्या सह्या एक्स्चेंजलाच पक्क्या होतात. साधारण १० टक्के डिपॉझिटही तेव्हाच द्यायचं. त्याआधी कोणीही, केव्हाही, कारण न देता उठून जाऊ शकतो, आणि दुसऱ्याच्या सर्व्हेचे पैसे भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रव्यवहारातून व्यवहार बराच आधी बांधला जातो. ही रीत मला अन्यायाची वाटते, आजही वाटते. पण त्यामुळे एक गोष्ट मनातून काढून टाका: ‘आपण अजून घाई केली असती तर’, ‘त्या एका कागदाला आठवडा लावला नसता तर’. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्या हातून काहीच चुकलेलं दिसत नाही.

आता या आठवड्यातली कामं. मन लागत नसलं तरी ही करा, कारण यातले काही पैसे अजून वाचू शकतात.

सॉलिसिटरला आजच ईमेल करा की काम थांबवा, आणि झालेल्या कामाचा हिशेब लेखी मागा. ज्या सर्चेस (कौन्सिल वगैरेंकडून घराबद्दल काढायची माहिती) अजून मागवल्या नसतील त्यांचे पैसे परत मिळायला हवेत. ‘व्यवहार झाला नाही तर फी नाही’ असं तुमच्या करारात आहे का ते बघा. असलं तरी त्यात सर्चेससारखा बाहेरचा खर्च सहसा धरलेला नसतो. तोच सॉलिसिटर पुढच्या घरालाही ठेवलात तर तुमची ओळख, पगार, भारतातून आलेल्या पैशांचा माग, वडिलांचं गिफ्ट लेटर (पैसे भेट दिल्याचं पत्र), हे सगळं त्यांच्याकडे तयार असतं. आपल्या लोकांचे तीन आठवडे नेमके त्यातच जातात.

ब्रोकरला दोन प्रश्न विचारा: आपली मॉर्गेज ऑफर कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि तोच दर दुसऱ्या घरावर नेता येईल का? बऱ्याच बँका नेऊ देतात, फक्त नव्या घराचं व्हॅल्युएशन पुन्हा करावं लागतं.

तुम्ही लाइफटाइम आयसाचा (सरकारी बोनस मिळणाऱ्या बचत खात्याचा) उल्लेख केलाय, म्हणून हे नीट वाचा. ते पैसे सॉलिसिटरकडे गेले असतील तर सॉलिसिटरने ते थेट आयसा देणाऱ्या संस्थेकडे परत पाठवायचे असतात. तसं झालं तर दंड लागत नाही. ते तुमच्या बँक खात्यात आले तर मात्र २५ टक्के कापले जातात. तुमचे ४,००० आणि सरकारचे १,००० मिळून ५,००० असतील तर त्यातले १,२५० जातील, म्हणजे बोनस तर जाईलच, वर तुमचे स्वतःचे २५० पौंडही. सॉलिसिटरला हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहा, फोनवर सांगून भागवू नका.

आणि ऑफर मान्य झाली तेव्हा घरखरेदीचा विमा काढला होता का ते शोधा. कधी तो ब्रोकरच्या कागदांत असतो आणि लक्षात राहत नाही.

घरात जे शांत झालंय, त्याबद्दल. आमच्याकडे नवऱ्याने त्याच रात्री राइटमूव्ह (घरांच्या जाहिरातींची साइट) उघडलं. मला ते इतकं लागलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मला वाटलं याला काहीच वाटत नाही. त्याला वाटत होतं की मी हातपाय गाळले. तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं तेव्हा कळलं की तो रात्री दोनपर्यंत त्याच घराचे फोटो बघत होता. तुमच्या बायकोला ‘दुसरं मिळेल’ म्हणू नका. त्या घरात तिला काय हवं होतं ते विचारा, आणि तुम्हाला काय हवं होतं तेही सांगा. आम्ही हे बोललो तेव्हा कोनाडा, मागचं अंगण आणि स्टेशनपर्यंतचं पायी अंतर एवढंच निघालं. बाकीचं त्या घराचं असं काही नव्हतंच, ते आमच्या मनातलं होतं, आणि ते दुसऱ्या घरी नेता येणार होतं.

लोक ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ म्हणतील. मंडळाच्या गणपतीत मला किमान सहा जणांनी आधीच्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगून हेच ऐकवलं होतं, तेव्हा तर आमचा व्यवहार मोडलाही नव्हता. आमच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. २३ सप्टेंबर २०२२ च्या सरकारच्या मिनी बजेटनंतर मॉर्गेजचे दर कुठल्या कुठे गेले. ऑक्टोबरात दोन वर्षांच्या फिक्स्ड मॉर्गेजचा सरासरी दर साडेसहा टक्क्यांच्या वर गेला होता. आमची ३.२ टक्क्यांची ऑफर जानेवारीत संपली, तोवर मनासारखं घर मिळालं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये घेतलं ते ४.४ टक्क्यांनी. महिन्याला दोनशे पौंडांहून जास्त फरक पडतो, आणि तो आम्ही अजून भरतोय. तरी या घरात आम्ही सुखात आहोत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

घाईने काय होतं तेही सांगते. मॉर्गेज ऑफर संपायची तारीख डोळ्यांसमोर ठेवून आम्ही नोव्हेंबरात एका फ्लॅटवर ऑफर टाकली. बघायला गेलो ते जेमतेम पंधरा मिनिटं, पावसात, अंधार पडताना. लीजची, म्हणजे फ्लॅटच्या ठरावीक मुदतीच्या हक्काची, ७८ वर्षं उरली होती. ८० च्या खाली गेलेली लीज वाढवून घेणं एकदम महाग पडतं, हे तेव्हा आम्हाला माहीतही नव्हतं. ब्रोकरने थांबवलं म्हणून वाचलो. म्हणून माझं मत असं की पुढचे दोन रविवार घरं बघायला जाऊच नका. तुमच्या ऑफरची मुदत अगदी तोंडावर आली नसेल तर दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी ऑफर देताना एजंटला आधी हे विचारा: मालक कुठे जाणार आहेत, ते घर ठरलंय का, चेनमध्ये किती घरं आहेत? आम्ही शेवटी घेतलं ते घर रिकामं होतं, वर चेन नव्हती, आणि त्यासाठी आम्ही एक खोली लहान चालवून घेतली. राइटमूव्हवरून जाहिरात काढायला लावा, जरी एक्स्चेंज होईपर्यंत आलेली दुसरी ऑफर मालकाला कळवणं एजंटवर बंधनकारकच असतं. सर्व्हेचा अहवाल वाचून मगच सर्चेसचे पैसे भरा. आणि एक्स्चेंज झाल्याचा फोन सॉलिसिटरकडून येईपर्यंत भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका. खोकीही भरू नका. मी दुसऱ्या वेळी एकही खोकं भरलं नाही. एक्स्चेंज आणि कम्प्लीशनमध्ये (घर ताब्यात येण्याच्या दिवसात) आम्हाला दोन आठवडे होते, तेवढ्यात सगळं बांधून झालं.

मालक परत येतील का, असंही तुम्ही विचारलंय. कधीकधी येतात. आमच्या मालकीणबाई फेब्रुवारीत आल्या होत्या, एजंटमार्फत, थोडी जास्त किंमत सांगून. आम्ही रात्रभर विचार केला आणि नाही म्हटलं. पुन्हा तेच घर मोजायची माझी तयारी नव्हती. तुमचं वेगळं असू शकेल. आलेच तर आधी त्यांना कारण विचारा आणि ठरावीक आठवडे दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही असा लेखी करार सॉलिसिटरकडून करून घ्या. ते त्यालाही तयार नसतील तर पुन्हा पैसे घालू नका.

तुमच्या मॉर्गेज ऑफरची शेवटची तारीख आणि आयसाचे पैसे सध्या नेमके कुठे आहेत, एवढं खाली लिहा. आयसाचं आधी बघा, आजच.