ग्रहणात शेवभाजी खाल्ली, आता काय होईल?

सकाळी उठून मोबाईल बघितला तर रात्री बारा चाळीसचा मेसेज पडलेला. "मॅडम, ग्रहणात शेवभाजी खाल्ली. उलटी झाली. ही शिक्षाच ना?"

7 सप्टेंबर 2025, रविवार, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचं खग्रास चंद्रग्रहण. रात्री अकरापासून साधारण बारा बावीसपर्यंत चंद्र पूर्ण सावलीत होता. मेसेज करणारा मुलगा सत्तावीसचा, चाळीसगावकडचा, कृषी सेवा केंद्रात कामाला. (त्याला विचारून लिहितेय, काही गोष्टी बदलल्यात.) घर एका कडक पंथातलं. पंथाचं नाव लिहीत नाही, कारण असे पंथ प्रत्येक धर्मात सापडतात आणि नाव लिहिलं की लोक नावावरच भांडत बसतात. बाहेरचं पाणी प्यायचं नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचा नाही, पंथाबाहेरचं पुस्तक घरात आणायचं नाही, आणि प्रश्न विचारला की तुझीच श्रद्धा कमी. दोन वर्षांपूर्वी याने सोडलं ते सगळं.

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे पहिल्यांदा आला मे महिन्यात, जळगावचं ऊन डोक्यावर, हातात दोनशे पानी वही. त्यात लाल पेनने नंबर टाकून 41 प्रश्न. "याची उत्तरं मिळाली की मी मोकळा."

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो, म्हणून हे लिहितेय. धर्म सोडला, आता विज्ञान वाचतोय, व्हिडिओ बघतोय, पण शांत वाटायच्या ऐवजी डोकं भणभणतं, भीती जात नाही, घरचे दुरावले, मी चुकलो का. कोणी पोरगी विचारते, कोणी दोन लेकरांचा बाप विचारतो.

वही मी घरी ठेवून घेतली आणि रात्री वाचली. माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत, सूर्य विझणार का, मेल्यावर काय. आणि मधेच, तेवीस नंबरला, "मी सोडलं म्हणून आईचे गुडघे दुखतात का?" असे आठ-दहा प्रश्न होते ज्यांचा विज्ञानाशी तसा काही संबंध नव्हता, ते आईचे प्रश्न होते, विज्ञानाच्या रांगेत उभे केलेले.

इथं माझी चूक झाली, सांगून टाकते. मी स्वतः बीएस्सीवाली, मला उत्साह आला. आईचे प्रश्न बाजूला ठेवून मी माकडाचा घेतला आणि फळ्यावर फांद्या काढायला लागले, आपण आजच्या माकडांपासून नाही, आपला आणि त्यांचा पूर्वज एक, वगैरे. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, उत्क्रांती म्हणजे गुलाबी बोंडअळीसारखं का?"

मी खडू खाली ठेवला, कारण यापुढचं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा, आला 2002 मध्ये, दोन जीनवाला 2006 मध्ये. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतात आणि बीटी पचवणाऱ्या एखाद-दुसऱ्या अळीचं लग्न त्यांच्याशी लागतं, ताकद पातळ होते. "पण लावतं कोण? दुकानाच्या पायरीवरच फेकून जायचे लोक, मी झाडलीयत ती." मग 2017 ला महाराष्ट्रभर बोंडं पोखरलेली. "अळी काही शिकली नाही मॅडम, औषधानं साध्या मेल्या, टिकणाऱ्या राहिल्या, आणि पुढची पोरं त्यांचीच." उत्क्रांती त्याच्या काउंटरवर होती आणि तो ती व्हिडिओत शोधत होता.

मला वाटलं झालं काम, तर कसलं काय. पुढच्या दोन महिन्यांत गडी बदलला, पण नुसता शर्ट बदलावा तसा. आधी "ग्रंथात लिहिलंय" म्हणायचा, आता "सायन्समध्ये लिहिलंय". व्हॉट्सअॅप स्टेटसवर रोज एक पुरावा. आईच्या पोथीला एकदा जेवताना हसला, आई ताटावरून उठली. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, चुलत्यांकडे कानबाई देवी बसली. आपल्या खान्देशात कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, घरचा माणूस नसला की किती लागतं ते वेगळं सांगायला नको. लहानपणापासून हा कधी गेला नव्हता कारण पंथात चालत नव्हतं. त्या वर्षी चुलत्यांनी मुद्दाम फोन केला आणि हा म्हणाला, मी असल्या गोष्टी मानत नाही. चुलते म्हणाले, "आधी तू पंथना नाववर नही ये, आते सायन्सना नाववर नही ये. रोट ते तोच शे ना भो?"

हे त्याने मला चिडून सांगितलं, मी पण जरा हसले, मग तोही हसला. माझ्या मते त्या चुलत्यांनी एका वाक्यात केलं ते मला चार सेशनमध्ये जमलं नसतं.

आमच्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरतात, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासायचे, अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास सुरू केलेली, आणि मराठीत ती शिकवताना आम्ही वाक्यातला "च" पकडायला सांगतो. उत्तर मिळालंच पाहिजे, मी चुकलोच नाही पाहिजे, आईला पटलंच पाहिजे. पंथ सोडताना त्याने देव सोडला, नियम सोडले, हा "च" काही सोडला नव्हता. मी त्याच्यात त्याला दोष देत नाही, वीस-पंचवीस वर्षं ज्या घरात "माहीत नाही" म्हणणं म्हणजे पाप, तिथून आलेल्या माणसाला रिकामी जागा सहन होत नाही, तो पहिल्यांदा नवीन गुरूच शोधतो.

आता ते ग्रहण. सकाळी मी त्याला फोन केला आणि ग्रहणावर एक शब्द न बोलता विचारलं, काल दिवसभर काय खाल्लं? काहीच नाही. सकाळपासून छातीत धडधड, घशाखाली घास उतरेना. रात्री साडेअकराला गच्चीवर एकटा, ढाब्यावरून आणलेली शेवभाजी, थंड झालेली, वर तर्रीचा थर, चंद्र ढगातून लाल दिसतोय आणि हा बघ मी घाबरत नाही म्हणून भराभर पाच घास. अहो, आपली शेवभाजी अशा पोटावर कुणालाही उलटी आणेल, त्याला चंद्र कशाला पाहिजे.

पण हे तेवढ्यावर सोडलं नाही, कारण "शिक्षा नव्हती" हे त्यालाही कळत होतं. सावली कशी पडते हे तो चेंडू घेऊन समजावून देऊ शकला असता. डोक्याला कळतं ते शरीराला कळायला वेळ लागतो. लहानपणी ग्रहणात पाणी मागितलं म्हणून खाल्लेली थप्पड शरीर विसरत नाही. त्यात एक गोष्ट मी उशिरा विचारली. उलटीनंतर त्याने काय केलं? गुगल. ग्रहणात खाल्लं तर काय होतं, पुन्हा पुन्हा, तीनपर्यंत. आधी भीती वाटली की जप करायचा, आता सर्च करायचा. दोन मिनिटं बरं वाटतं आणि भीती अजून मोठी होऊन परत येते.

मग आम्ही उलटं केलं. धाडस बंद. जो नियम मोडायची भीती वाटते तो छोटा घ्यायचा, भरल्या पोटी, दिवसा, कोणी सोबत असताना. त्याने मित्राच्या घरी माठातलं पाणी पिण्यापासून सुरुवात केली. प्यायचं आणि बसायचं, जप नाही, मोबाईल नाही, भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. पहिल्यांदा आठ होते, उतरायला पस्तीस मिनिटं लागली. पाचव्या वेळी तीन.

तुमची झोप कित्येक दिवस उडालेली असेल, तेच तेच विचार थांबत नसतील किंवा जगू नये असं वाटत असेल तर मात्र वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, नाहीतर टेलि-मानसला 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे. आणि घरच्यांच्या पैशावर शिकत असाल तर जेवणाच्या पाटावर "मी सोडलं" अशी घोषणा करायची घाई करू नका, हे भित्रेपणाचं नाही, व्यवहाराचं सांगतेय.

दिवाळीनंतर तो म्हणाला, पाटणला जाऊन आलो. चाळीसगावजवळच्या या पाटणादेवीला लहानपणी सगळ्या वर्गाची सहल गेली होती, याला घरून सोडलं नव्हतं. तिथल्या 1207 सालच्या शिलालेखात आहे की गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला होता. याला ते फारच लागलं, मठ आणि शिकवायला गणित! मग घरी येऊन वाचत बसला. भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली, सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यात विचारलंय की पृथ्वीला कोणी धरून ठेवलं असेल तर त्या धरणाऱ्याला कोणी धरलं, आणि त्याला कोणी? शेवटी कुठंतरी स्वतःच्या शक्तीने राहतो म्हणावंच लागतं, मग ते पृथ्वीलाच का म्हणू नये. तो हे सांगताना खुर्चीवरून अर्धा उठला होता.

पुढच्या वेळी आला तो पडेल चेहऱ्याने. "मॅडम, ते पृथ्वी स्थिर म्हणतात. फिरत नाही म्हणतात. एवढा मोठा माणूस!"

"मग?"

"मग त्यांचं मानायचं का नाही?"

मी काहीच बोलले नाही, मला खरंच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. बाहेर रिक्षावाले भांडत होते, ते ऐकत बसलो दोघं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "धरणाऱ्याचं बरोबर आहे. स्थिरचं नाही." आणि मग जरा थांबून, "असं चालतं?"

ती वही अजून त्याच्याकडे आहे. अकरा प्रश्नांपुढे उत्तर आहे, बऱ्याच ठिकाणी पेन्सिलने "माहीत नाही" लिहिलंय. तेवीस नंबर खोडलाय, आईला हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, झीज आहे, वयाची. टाळ वाजवायची आठवण येते म्हणाला, पंथात सगळ्यात जास्त तेच आवडायचं, तर आता गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊन वाजवतो, देव मानत नाही आणि ठेका सोडत नाही.

रविवारी आईला तोच गाडीवर सत्संगाला सोडतो. स्वतः आत जात नाही, समोरच्या टपरीवर चहा घेत थांबतो. मागच्या रविवारी आई बाहेर आली, पदरातून प्रसाद काढला, काही बोलली नाही, नुसता हात पुढे केला.

"मग, खाल्लास?" मी विचारलं.

"खाल्ला ना. केळं होतं."