मॅनेजर व्हायच्या आधी

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. आधी लग्न आणि लगेच कलावंत नवऱ्याच्या कामाची सगळी सूत्रं मॅनेजर म्हणून तुझ्या हाती, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. लॉस एंजेलिसमध्ये कलावंतांचे हिशेब बघण्यात माझा उमेदीचा काळ गेला, म्हणून मावशीच्या हक्काने लिहिते आहे.

हॉलिवूडची नटी आणि गायिका डॉरिस डे हिचं नाव तू ऐकलं असशीलच. 1960 च्या दशकाच्या पहिल्या पाच वर्षांत थिएटरवाल्यांनी तिला चार वेळा तिकीटबारीवरची अव्वल स्टार ठरवलं होतं. तिचा नवरा मार्टी मेल्चर हाच तिचा मॅनेजर आणि निर्माता. 1951 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि एप्रिल 1968 मध्ये तो अचानक गेला. मग कागद उघडले, तेव्हा दिसलं की इतक्या वर्षांची कमाई हॉटेलं नि तेलविहिरींमध्ये गडप झाली आहे आणि वर कर्जाचा डोंगर आहे. शिवाय तिला न विचारताच त्याने सीबीएस या टीव्ही वाहिनीशी मालिकेचा करार करून ठेवलेला. तीच मालिका तिने त्याच सप्टेंबरपासून पुढची पाच वर्षं केली. पैसे गुंतवणाऱ्या वकिलावर तिने खटला भरला. 1974 मध्ये कोर्टाने सव्वादोन कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली, पण तडजोडीअंती हातात आली ती त्यातली थोडीच रक्कम.

मेल्चरला सगळं माहीत होतं की तोही त्या वकिलावर विसंबून फसला, यावर आजही वाद होतो. मला तो वाद दुय्यम वाटतो. एरवी इथे एकमेकांवर नजर असते. वकिलाचा कागद मॅनेजर वाचतो, एजंटने आणलेलं काम वकील तपासतो, आणि कलावंताला शंका आली तर तो कुणालाही फोन लावून विचारू शकतो. मॅनेजर घरातलाच असला की हा प्रश्न जेवणाच्या ताटावर विचारावा लागतो, आणि तिथे तो अविश्वासासारखा ऐकू येतो. म्हणून माणूस गप्प बसतो. तुझा नवराही बसेल, कारण त्याचं तुझ्यावर प्रेम आहे. त्याने विचारायच्या आत दाखवायची जबाबदारी तुझी.

दर महिन्याला त्याच्यासमोर एक पान ठेव. समजा, एक लाख डॉलर आले. एजंटचे दहा हजार गेले, वकिलाचे पाच, हिशेब बघणाऱ्या बिझनेस मॅनेजरचे पाच. उरले ऐंशी हजार, आणि त्यातून अजून कर जायचा आहे. बाहेरचा मॅनेजर असता तर त्याने दहा ते पंधरा टक्के घेतले असते. तू किती घेणार, हे त्याच पानावर लिहिलेलं असू दे. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई, वेगळा करार नसेल तर, दोघांची निम्मी निम्मी असते. त्यामुळे तुझ्या कमिशनला तसा अर्थ नाही असं वाटेल, पण उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर प्रत्येक आकड्याचा जाब द्यावा लागतो. नवरा-बायकोच्या व्यवहारात एकाचाच फायदा झालेला दिसला, तर इथला कायदा दबावाचा संशय त्याच्यावरच धरतो.

आणखी एक. परवाना असल्याशिवाय त्याच्यासाठी कामं मिळवायला जाऊ नकोस. ते एजंटचं काम. लेबर कमिशनरकडे, म्हणजे असे वाद बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, तक्रार गेली तर करार रद्द होऊन घेतलेलं कमिशन परत करावं लागू शकतं, आणि यात बायको म्हणून सूट मिळत नाही.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. नटी आणि गायिका ॲन-मार्गरेट आणि तिचा नवरा रॉजर स्मिथ यांचंही उदाहरण आहे. तो स्वतः टीव्हीवरचा लोकप्रिय नट. 1967 मध्ये लग्न झालं आणि पुढे अभिनय बाजूला ठेवून त्याने तिचं काम हाती घेतलं. 1972 मध्ये लेक टाहोला कार्यक्रमाच्या वेळी ती 22 फुटांवरून कोसळली. चेहऱ्याची हाडं मोडली, हात मोडला. लहानशा विमानातून तिला लॉस एंजेलिसला आणून हव्या त्या सर्जनच्या हाती सोपवणारा तोच. थोड्याच महिन्यांत ती पुन्हा रंगमंचावर उभी होती. पुढे त्याला स्नायूंचा दुर्धर आजार जडला, तेव्हा तिने त्याला सांभाळलं. 2017 मध्ये तो गेला, तोवर संसाराला पन्नास वर्षं झाली होती. त्याने स्वतःचं नाव मागे पडू दिलं ते समजून-उमजून. तुला ते जमेल का, हे आत्ताच ठरव. रेड कार्पेटवर फोटोवाले तुला बाजूला व्हायला सांगतील, आणि त्या संध्याकाळची सगळी जुळवाजुळव तूच केलेली असेल.

आता कामाचं. त्याला स्वतःचा वेगळा वकील नेमायला सांग, तुझ्या ओळखीतला नको. तुमच्या करारात एक कलम असू दे: तीस दिवसांची नोटीस देऊन तो तुला मॅनेजरपदावरून दूर करू शकतो, कारण न देता. ते कलम तूच सुचव, त्याच्या तोंडून यायची वाट बघू नकोस. मसुदा झाला की मला पाठव, आकड्यांची पानं मी बघून देईन.

तुझी,
मावशी