गर्दी रांगेत असते, उतारावर नाही

प्रश्न : गेल्या २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत आम्ही चौघे श्रीनगरहून एका दिवसासाठी गुलमर्गला गेलो. अर्धा दिवस गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, रांगेत गेला. खाली आल्यावर एका माणसाने पायात स्की अडकवून आम्हाला अर्धा तास इकडून तिकडे नेलं. याला स्कीइंग म्हणायचं का? माझं वय ४६, मुलगी १४ वर्षांची. दोघींना खरंच शिकायचंय, पण ती गर्दी नको. कधी आणि कसं जावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही म्हणायचं. त्याला बर्फावरून ओढणं म्हणतात; पैसे तेवढे स्कीइंगचे घेतात.

तुम्ही ज्या रांगेत उभ्या होतात, तिच्यातल्या बहुतेकांना स्की करायचंच नव्हतं. गंडोल्याचा पहिला टप्पा १९९८ साली कोंगडोरीपर्यंत सुरू झाला, दुसरा २००५ साली थेट अफरवट डोंगरावर, साधारण ३,९५० मीटर उंचीपर्यंत. बर्फ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिथे फोटो हवा असतो. पण नवशिक्याचं गंडोल्याशी पहिले चार दिवस काही कामच नाही! शिकायचे उतार खाली आहेत, गोल्फच्या मैदानाच्या आसपास, हॉटेलातून चालत जाण्याजोगे.

म्हणून मुक्काम गुलमर्गातच करा. श्रीनगर जेमतेम पन्नास किलोमीटर असलं, तरी तनमर्गपासूनचा तेरा किलोमीटरचा चढ बर्फ पडला की चेन लावलेल्या गाडीशिवाय होत नाही. दिवसाच्या सहलीला येणारे अकराच्या सुमाराला वर पोचतात आणि अंधाराच्या आत उतरायच्या घाईत असतात. त्यांच्या आधीची सकाळ आणि नंतरचा तासभर उतार मोकळा. हॉटेलं महाग आहेत, हे खरं. रोजचं गाडीभाडं आणि गाडीत गेलेले तास मांडून बघा, मग फरक तेवढा वाटणार नाही.

आता कधी. काश्मीरचा चिल्ला-ए-कलान, म्हणजे सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला बसतो आणि चाळीस दिवस चालतो. नाताळ-नववर्षाला गर्दी सर्वांत जास्त आणि बर्फाचा भरवसा कमी, म्हणजे दोन्हीकडून तोटा. जानेवारीचंही सांगता येत नाही: २०२४ मध्ये महिनाअखेरपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. मी फेब्रुवारी निवडते, तोही सोमवार ते शुक्रवार. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा साधारण त्याच सुमारास तिथे होतात. त्यांच्या तारखा बघूनच बुकिंग करा. मुलीची शाळा बुडेल. बुडू द्या, दहावी आली की तीही सोय संपेल. मार्चमध्ये माणसं कमी होतात, ऊन छान असतं, पण दुपारी बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा होतो आणि नवशिक्याचे पाय त्यात अडकतात. मार्चमध्येच जमणार असेल, तर सकाळी शिका आणि दुपारी झोपा.

शिकायला सलग पाच-सहा दिवस द्या आणि शिक्षक रोज बदलू नका. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही संस्था आहे. तिच्या वर्गांची आणि वयाच्या अटींची आधी चौकशी करा. शिस्त कडक वाटली, तर खासगी प्रशिक्षक मिळतात. 'एका तासात शिकवतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

आणि बूट! भाड्याच्या दुकानात घाई करू नका, शिकण्याची निम्मी मजा तिथेच ठरते. मोजे एकच जोडी. थंडी वाजते म्हणून दोन चढवले तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात. बूट घालून सरळ उभ्या राहिलात की बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की सुटावीत, आणि टाच मात्र जागची हलता कामा नये. दुकानदार 'चलेगा मॅडम' म्हणेल. तुम्ही दुसरा जोड मागा, तिसराही मागा.

मुलगी तुमच्या आधी शिकेल आणि अफरवटचा हट्ट धरेल. तिथे ठाम नाही म्हणा. तिथले उतार मशीनने सपाट केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे; फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर दगावले. त्याऐवजी दोघींना दोन्ही बाजूंना वळता आणि हवं तिथे थांबता येऊ लागलं, की शेवटच्या दिवशी प्रशिक्षकाला घेऊन कोंगडोरीला जा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ घ्या, आणि खाली यायचं तिकीट काढू नका.