गाडी गेल्यावरचं गाव

प्रश्न : ताई, सव्वा वर्षापूर्वी आम्ही शहरातलं भाड्याचं घर सोडलं आणि रेल्वेमार्गावरच्या एका शांत गावात स्वतःचं घर घेतलं. नवरा सकाळी पावणेसातला बाहेर पडतो, रात्री साडेआठला घरी येतो. मी आठवड्यातले दोन दिवस शहरात जाते, तीन दिवस घरून काम करते. घर छान, हवा छान. पण त्या तीन दिवसांत दुपारी खिडकीशी उभी राहिले तर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. शेजाऱ्यांची नावं अजून मला माहीत नाहीत. शहरातल्या गोंगाटात मला असं एकटं कधीच वाटलं नव्हतं. नवरा म्हणतो, 'शांततेसाठीच तर आलो ना आपण?' तोही दमतो, फक्त बोलत नाही. इथली माणसंच तुटक आहेत की आमचं काही चुकतंय? परत जावं का?
— एक वाचक, वय ३४

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये, आणि माणसं तुटक असतील असंही मला वाटत नाही. अशाच एका गावात मी १९ वर्षं राहतेय. त्यातली पहिली ११ वर्षं रोज सात अठराची गाडी पकडून शहरात गेले. त्यामुळे तुमची ती दुपारची खिडकी माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

राहायला येऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा एकदा तापाने घरी राहिले. कामाच्या दिवशी घरात असण्याची ती माझी पहिलीच वेळ. अकराच्या सुमारास बाहेरच्या खोलीत भिंतीवर उन्हाचा एक चौकोन उमटला आणि हळूहळू सरकत दाराच्या चौकटीपर्यंत गेला. तो रोजच येत असणार. चार वर्षं मी त्या घराचे हप्ते भरत होते आणि घरात ऊन कुठे पडतं हे मला ठाऊक नव्हतं! मग पांघरूण घेऊन खिडकीत बसले. समोरच्या घरातले आजोबा काठी टेकत फाटकापर्यंत जात होते, परत येत होते, दर फेरीला फाटकाच्या गजाला हात लावत होते. एक तरुण रात्रपाळी करून आला आणि घरच्यांची झोप मोडू नये म्हणून बूट पायरीवरच काढून हातात घेऊन आत गेला. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन एक बाई सावलीच्या पट्ट्यातून येरझाऱ्या घालत होती. या तिघांनाही मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, कारण माझ्या जाण्या-येण्याच्या वेळी त्यांच्यातलं कोणीच गल्लीत नसायचं.

अशा गावाची घडणच तशी असते. एकाच गल्लीत दोन गावं नांदतात, एक गाडीने जाणाऱ्यांचं आणि एक मागे उरणाऱ्यांचं, आणि त्यांची गाठ पडायला दिवसात वेळच उरत नाही. जपानीत अशा गावाला 'बेडटाऊन' म्हणतात, जर्मनमध्ये 'श्लाफश्टाट', म्हणजे झोपेचं शहर. रोज कामाला गाडीने ये-जा करणाऱ्याला इंग्रजीत 'कम्यूटर' म्हणतात, तो शब्द कुठून आला तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या १८४०च्या दशकात रोज जाणाऱ्यांना सवलतीचा पास देऊ लागल्या, तो 'कम्युटेशन तिकीट'. त्यावरून त्या माणसाचं नाव पडलं. आपण राहतो कुठे याचा त्या नावात पत्ताच नाही, आणि तुमची तक्रारही नेमकी तीच आहे.

आता शेजाऱ्यांबद्दल. स्टॅनली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक साधा अभ्यास मांडला. तो स्वतः वर्षानुवर्षं लोकलने कामाला जायचा. स्टेशनावर तेच तेच चेहरे दिसायचे, पण बोलणं कधीच नाही. त्याच्या विद्यार्थ्यांनी फलाटावर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो काढले आणि नंतर तेच फोटो त्याच लोकांना दाखवले. उत्तर देणाऱ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के जणांनी निदान एक तरी चेहरा ओळखला. 'ओळखीचे अनोळखी' असं नाव मिलग्रॅमने त्यांना दिलं. ब्रुकलिनमधल्या एका बाईंची गोष्ट त्याने सांगितली आहे. त्या रस्त्यात कोसळल्या, तेव्हा १७ वर्षं त्यांना नुसतं येता-जाता पाहिलेली त्याच रस्त्यावरची एक रहिवासी धावून आली, रुग्णवाहिकेत बसून त्यांच्यासोबत इस्पितळात गेली. एका शब्दाचीही ओळख नव्हती, तरी तिला ती आपली जबाबदारी वाटली. तुमच्या गावातही तुम्हाला चेहऱ्याने ओळखणारे लोक आत्ता आहेत. सव्वा वर्षात ते झालेलं असतंच.

माझ्या फलाटावर तिसऱ्या खांबापाशी एक गृहस्थ उभे असायचे. त्यांच्या छत्रीची मूठ मोडली होती आणि तिला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी त्यांनी दोनदा बदलली, तेही मला माहीत होतं. त्यांचं नाव मात्र नाही. एकदा पावसाने गाड्या बंद पडल्या आणि भलत्याच स्टेशनावर आम्ही तीन तास अडकलो. तेव्हा तेच पुढे आले, म्हणाले, "तुम्ही तिसऱ्या खांबापाशीच्या ना?" मिलग्रॅमनेही हेच टिपलंय, की अशी माणसं नेहमीच्या जागेपासून लांब भेटली की पटकन बोलतात. ते माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. त्यांच्या पत्नी दिवसभर घरी असत. पुढे मी घरून काम करू लागले, तेव्हा गावातली माझी पहिली मैत्रीण त्याच झाल्या.

म्हणून माझं सांगणं एवढंच की वेळ धरा. घरी असता त्या तिन्ही दिवशी अकरा वाजता पंधरा मिनिटं बाहेर पडा, वाट तीच ठेवा. मंडळात नाव घालणं, कार्यक्रमांना जाणं वगैरे नंतर बघता येईल. दर वेळी वेगळ्या ठिकाणी गेलात तर दर वेळी तुम्ही नवख्याच राहाल. शहरात जाता त्या दिवशी एकाच डब्याच्या एकाच दारापाशी उभ्या राहा आणि एकदा कधीतरी तुम्हीच बोला. संकोच वाटेल, मलाही वाटायचा. शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही प्रवाशांना गाडीत अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला सांगितलं. बोललेल्यांचा प्रवास जास्त बरा गेला, आणि लोकांचा आधीचा अंदाज अगदी उलटा होता.

तुमच्या यजमानांची मात्र मला जास्त काळजी वाटते. पावणेसात ते साडेआठ म्हणजे पावणेचौदा तास. त्यातले नऊ कचेरीचे धरले, तरी रोज पावणेपाच तास वाटेत जातात, पाच दिवसांत जवळपास चोवीस. आठवड्यातला एक अख्खा दिवस! झुरिक विद्यापीठातले ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या घराघरांच्या पाहणीचे आकडे तपासले होते. लांबचं घर घेताना माणूस समजतो की मोठं घर किंवा चांगला पगार ही प्रवासाची भरपाई आहे. त्यांना तशी भरपाई होताना दिसली नाही. प्रवास जितका लांब, तितकं समाधान कमी. यजमानांना सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना विचारा, आणि 'शांततेसाठी आलो' या वाक्यावर थांबू देऊ नका. एक दिवस घरून काम मिळतंय का, निघण्याची वेळ तासाभराने सरकतेय का, जवळची बदली मिळतेय का, हे सहा महिन्यांत नीट करून बघा. काहीच हललं नाही आणि रविवार नुसता झोपण्यात जात असेल, तर खुशाल परत जा. घर विकणं किंवा भाड्याने देणं यात काही कमीपणा नाही. पण इथे माणसं नाहीत म्हणून जाऊ नका, कारण ती आहेत.

प्रश्न : ३१ वर्षं पहाटेची गाडी पकडली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. अजून पावणेपाचला जाग येते. गाडीचा भोंगा ऐकला की काहीतरी चुकल्यासारखं होतं. इतकी वर्षं या गावात राहून मला इथे कोणी ओळखत नाही.
— एक वाचक, वय ६१

उत्तर : जाग येते तर येऊ द्या. उठून स्टेशनापर्यंत चालत जा. वर ज्या छत्रीवाल्या गृहस्थांचं लिहिलंय, ते निवृत्तीनंतर जवळजवळ दोन महिने हेच करत होते. गाडी सुटेपर्यंत पुलाखाली उभे राहायचे आणि मग गावातून लांबचा फेरा घेऊन घरी यायचे. त्या फेऱ्यात त्यांना आधी गावातले रस्ते कळले, मग माणसं. आणि एक लक्षात घ्या, तुमच्या डब्यातले दोघे-तिघे तरी तुमच्याच गावात उतरत असणार. ते आता तुमच्याच वयाचे असतील, काही निवृत्तही झाले असतील. त्यांचे चेहरे तुम्हाला पाठ आहेत. एखादा रस्त्यात दिसला तर गाडीची वेळ सांगून ओळख द्या. नाव नंतर विचारता येईल.