कात्री उचलण्याआधी

तुम्ही विचारलं आहे की कलाक्षेत्रातली कोणती स्त्री तुमचा स्वतःचा आदर्श आहे, आणि रोजच्या जगण्यात तिचा काय उपयोग झाला. पुढे लिहिलंय की तुमची मुलगी दहावीत आहे आणि वह्यांच्या मागच्या पानांवर सारखी कपड्यांची चित्रं काढते. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मशीन बंद करून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश हे बारमाही काम. दिवाळी सरली की राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या हौशी संघांचे कपडे येतात. त्यात पैसा फारसा सुटत नाही, पण ते काम मी सोडलेलं नाही. आणि माझा आदर्श आहेत भानू अथय्या.

नाव काढलं की लोक लगेच म्हणतात, ‘ऑस्करवाल्या ना?’ हो, त्याच. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मलाही कित्येक वर्षं एवढंच माहीत होतं. त्या कोल्हापूरच्या, माझ्याच गावच्या, हेसुद्धा मी नीट वाचलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये, त्या गेल्याची बातमी आली तेव्हा. कोरोनाचे दिवस होते, लग्नं बंद, मी उरलेल्या अस्तरांच्या तुकड्यांचे मास्क शिवत होते. वर्तमानपत्र मशीनच्या पाट्यावर पसरलेलं होतं आणि त्यात त्यांच्या तरुणपणीचा फोटो होता. वाचता वाचता मास्क तसाच सुईखाली राहिला.

त्या मूळच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, पण मुलगी लहान असतानाच ते गेले. घरात सात मुलं. अशा घरातल्या आईनं, शांताबाईंनी, मुलीला चित्रकला शिकायला मुंबईला पाठवलं. त्या काळात पेठेतल्या बायका काय काय बोलल्या असतील याची मला चांगलीच कल्पना आहे, कारण पेठ आजही बोलते. मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, सुवर्णपदक मिळवलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या नव्या वळणाच्या चित्रकारांच्या गटाच्या १९५३च्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली, आणि त्या सगळ्या पुरुषांत ती एकटी बाई होती.

आणि मग ती कपड्यांकडे वळली. पोटासाठी बायकांच्या नियतकालिकांत फॅशनची रेखाटनं काढत होती. त्यांतल्याच एकाच्या संपादकबाईंनी बुटीक काढलं, तिथं प्रत्यक्ष कपडे करायला मिळाले, नट्या येऊ लागल्या. ‘श्री ४२०’मधला नादिराचा तो झगमगता गाऊन त्यांचा. १९५६ साली गुरुदत्तच्या संस्थेचा ‘सी. आय. डी.’ आला, आणि तिथून पुढं पन्नासेक वर्षं, थेट ‘लगान’ आणि ‘स्वदेस’पर्यंत.

‘चित्रकला सोडली’ असं त्यांच्याबद्दल लिहितात. हे दोन शब्द मला लागले. मी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा ‘ए’ ग्रेडमध्ये दिलेल्या. चित्रकला शिकायला कलानिकेतनला जायचं डोक्यात पक्कं होतं. पण त्या वर्षी ताईचं लग्न निघालं आणि मला शिवणक्लासला घातलं. घरच्यांवर माझा राग नाही, त्यांच्यापुढं दुसरा मार्गच नव्हता. पण पुढं कितीतरी वर्षं चित्रांचं प्रदर्शन लागलेलं दिसलं की मी रस्ता बदलायची. मी चित्रकला सोडली, आता मी शिलाईवाली, असं मनात घट्ट बसलं होतं.

भानुताईंचं काम (मी त्यांना मनात ताईच म्हणते) बघायला लागले तेव्हा कळलं की त्यांनी सोडलं काहीच नव्हतं. बाईच्या हातात कुंचला होता तेव्हा जी नजर होती तीच कपड्यात उतरली. ‘आम्रपाली’ हा १९६६चा चित्रपट, त्यात वैजयंतीमालाचे कपडे त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतले. ते वाचून आमच्या बचत गटाची सहल मी हट्टानं अजिंठ्याला वळवली. पहिल्या लेण्यात अंधार. गाईडनं बॅटरी भिंतीवरून फिरवली, बायका पद्मपाणीचं मुख बघत होत्या आणि मी चित्रातल्या एका बाईच्या चोळीवर अडकले. दीड हजार वर्षांपूर्वीचं कापड, आणि पट्टे कसे पडलेत, कुठं ताणलंय, गाठ कुठं मारलीय, सगळं दिसतं. मी गाईडला म्हटलं, ‘दादा, जरा इथंच धरा.’ तिथं उभी राहून मला कळलं की हे बघून पडद्यावरचा पोशाख करणं म्हणजे नक्कल नव्हे. भिंतीवरची बाई स्थिर आहे. वैजयंतीमाला नाचणार आहे. गाठ सुटून चालणार नाही, आणि टीप दिसूनही चालणार नाही.

आता उपयोगाचं सांगते, तुम्ही तेच विचारलंय.

एका वर्षी एका संघाचं नाटक होतं, १९४२च्या चळवळीतलं, सगळी पात्रं खेड्यातली. मी मन लावून कोपऱ्या शिवल्या, धोतरं आणली, मुंडाशी रंगवून घेतली. प्रयोग झाल्यावर एका परीक्षकांनी संघाला सांगितलं, ‘तुमचं अख्खं गाव एकाच दिवशी एकाच दुकानात कपडे घेऊन आलंय.’ मी मागेच उभी होते. घरी येईपर्यंत मला रडू आवरलं नाही, कारण ते खरं होतं. टीप सरळ होती, माप बरोबर होतं, आणि सगळं खोटं दिसत होतं.

त्या रात्री मी ‘गांधी’ लावला. गोष्ट माहीतच होती, म्हणून आवाज बंद करून फक्त कपडे बघितले. दक्षिण आफ्रिकेतला वकील, कडक कॉलर, सूट. मग तो सूट हळूहळू अंगावरून जातो, परत येताना देशी पोशाख, मग साधं धोतर, मग पंचा. बोलणं ऐकू येत नसलं तरी माणूस काय काय टाकत चाललाय ते कळतं. आणि गर्दी बघा. हजारो माणसं, पण प्रत्येकाच्या अंगावरचं कापड त्याच्या अंगाला सरावलेलं. खादी खांद्यावर बसलेली, कुठं मळलेली, कुठं विरलेली. मी दर दोन मिनिटाला थांबवून वहीत काढत होते. वीस वर्षांनी पेन्सिल हातात घेतली होती, आणि ती चित्रं वाईट नव्हती.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. आधी मी संहिता ऐकायची आणि थेट कापड घ्यायला महाद्वार रोडला निघायची. आता आधी पात्राला बसवून घेते. हा माणूस काय काम करतो? उजवा हात जास्त वापरतो का? खिशात काय ठेवतो? बाई विधवा असेल तर लुगडं तिचंच आहे की कुणाचं जुनं दिलेलं? मग चित्र काढते. मग कापड. कात्री सगळ्यात शेवटी.

आणि कापड जुनं करणं, हा एक वेगळाच उद्योग शिकले. मांजरपाट, म्हणजे कोरं सुती कापड, आणला की आधी रात्रभर भिजवून खळ काढायची. मग चहापत्तीच्या पाण्यात उकळायचा, पण सगळे एका भांड्यात नाहीत, नाहीतर पुन्हा एकच रंग येतो. कोपराला आणि कॉलरीच्या घडीला पॉलिश पेपर घासायचा. सदरा ओला असताना दोन्ही खिशात दगड घालून दोरीवर टांगायचा, म्हणजे वाळेपर्यंत खिसे असे लोंबतात की जणू दहा वर्षं त्यात तंबाखूची चंची होती. पहिल्यांदा टांगले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, नव्या कपड्यांचं वाटोळं का करतीस?’ पुढच्या वर्षी तेच सदरे अंगात घालून पात्रं केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभी राहिली, आणि मला मागच्या रांगेतून त्यांचे खिसे दिसले. (२०२४च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू. त्या रात्री आमच्या पेठेत कुणाला झोप लागली नसेल.)

दुसरी गोष्ट भानुताईंनी ‘ब्रह्मचारी’त मुमताजसाठी केलेल्या साडीची. १९६८चा चित्रपट, ती केशरी, अंगासरशी नेसलेली साडी आणि तो नाच तुम्हीही पाहिला असेल. ती साडी शिवलेली होती, चेन लावून. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की नेसलीय, आणि नाचणारीला पडण्याची धास्ती नको. माझ्याकडे एका नाटकात नायिकेला अंधारात मिनिटभराच्या आत पाचवारीतून नऊवारीत यायचं होतं. मी काष्टा आणि निऱ्या कमरपट्टीवर पक्क्या शिवल्या आणि पट्टीला वेलक्रो लावला. तालमीत अंधार झाला, सगळं शांत, आणि विंगेतून ‘चर्रर्र’. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. चेन लावून बघितली, तर सुती काठ दातांत अडकला. शेवटी चार मोठे हूक आणि वर आपली साधी नाडी. अठ्ठेचाळीस सेकंदांत बाई नऊवारीत. पोरीनं पुढं येऊन गिरकी घेतली, ओचा हललासुद्धा नाही. भानुताईंनी ज्या प्रश्नावर डोकं चालवलं त्याच प्रश्नावर आपणही चालवतोय, हे समाधान मी शब्दांत सांगू शकत नाही.

कुणी म्हणेल, मोठी नावं सोडून ही कपडेवाली बाई का? किशोरीताई आमोणकर, मोगूबाई, केसरबाई यांचं गाणं दुकानात रोज सकाळी लागतं. त्यांना माझा नमस्कार आहे. पण नमस्कार वेगळा आणि धडा गिरवणं वेगळं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचा तो प्रसंग भाषणांत नेहमी सांगतात, दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. टाळ्या पडतात. मला तो प्रसंग ऐकवत नाही. विठाबाई थोर कलावंत होत्या, म्हणूनच त्या रात्री त्यांना कुणीतरी ‘आज राहू दे बाई’ म्हणायला हवं होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी तो आदर्श म्हणून सांगत नाही. त्यांना भानुताई सांगते, ज्यांनी शांतपणे, अभ्यास करून, आपल्या कामाचं मोल करायला लावलं.

ऑस्करचंही सांगते. २०१२ साली त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत दिली, आपल्यामागं ती नीट जपली जावी म्हणून. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं होतं, ते उदाहरण समोर होतंच. काही लोकांना हे आवडलं नाही. मला बाईंचं पूर्ण पटतं. ज्या बाईनं आयुष्यभर एकेक गुंडी हिशेबानं लावली, ती स्वतःची सगळ्यात मोठी वस्तू अशीतशी कशी सोडेल? वाईट एवढंच वाटतं की ती ठेवायला आपल्याकडे जागा आहे अशी खात्री आपण त्यांना देऊ शकलो नाही.

त्या गेल्यावर दीडेक महिन्यातच त्यांची जुनी चित्रं लिलावात आली. राजोपाध्ये आडनावाची सही असलेली. मी मोबाईलवर ती मोठी करून करून बघितली. माणसांच्या अंगावरच्या कापडाच्या घड्या बघा त्यांत. पुढचं सगळं तिथंच आहे.

आता तुमच्या मुलीबद्दल. वही काढून घेऊ नका, आणि लगेच महागड्या क्लासलाही घालू नका. दोन मीटर मांजरपाट आणि एक चांगली कात्री आणून द्या. वहीतलं एक चित्र प्रत्यक्षात करून बघू दे, बिघडलं तर बिघडू दे. कापड उभ्या धाग्यात कसं पडतं आणि तिरप्या धाग्यात कसं पडतं हे तिच्या बोटांना एकदा कळलं की तिची चित्रंसुद्धा बदलतील. आणि एखाद्या रविवारी ‘ब्रह्मचारी’तलं ते गाणं लावा, आवाज बंद करून, आणि तिला एवढंच विचारा की एवढी नाचूनही त्या बाईच्या निऱ्या का सुटत नाहीत. लगेच उत्तर सांगू नका. तिला कागदावर काढून दाखवू दे.