आधी शिबिर, मग सेवा, आणि अनाथाश्रम नकोच

नागपूरहून आलेलं पत्र:

"ताई, जय भीम. मी ३४ वर्षांची, एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. लग्न केलेलं नाही. जानेवारीत बाबा गेले. काठमांडू आणि लुंबिनी बघायचं त्यांच्या फार मनात होतं, ते राहून गेलं. दिवाळीच्या सुट्टीला जोडून मला बिनपगारी रजा मिळते आहे. महिनाभर काठमांडूच्या एका अनाथाश्रमात मुलांना शिकवायचं आणि मग दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायचं, असं ठरवलंय. इंटरनेटवर सापडलेली एक संस्था अनाथाश्रमातल्या कामाचे, राहण्याजेवण्यासकट, ४५ हजार रुपये मागते. दादा पुण्याला असतो. तो म्हणतो, एकट्या बाईनं परदेशात कशाला जायचं, ध्यानाला इगतपुरी नाही का? आई काहीच बोलत नाही, पण तिचं जेवण कमी झालंय. बाबा गेल्यापासून मला झोपेची गोळी लागते. मी स्वार्थी आहे का?"

जय भीम. तू स्वार्थी नाहीस, आणि तू जावंस असंच मला वाटतं. तुझ्या बाबांना काठमांडू का बघायचं होतं, ते नागपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. प्रकृती पार ढासळलेली होती, तरी गेले. ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. दादाला एवढं आठवून दे. इगतपुरी आहेच, पण तू निघाली आहेस ती फक्त ध्यानासाठी नाही.

तुझ्या बेतातला अनाथाश्रम मात्र मला अजिबात मान्य नाही. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कित्येकांचे दोघंही, हयात आहेत. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरायचे. पोरांना शहरात शिकवतो म्हणून आईबापांकडून पैसे घ्यायचे आणि मुलं आणून आश्रमांत ठेवायचे, कधी कागदावर अनाथ दाखवून. हे आश्रम बहुतेक काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात, चितवनमध्ये आहेत, म्हणजे जिथे परदेशी पाहुणे येतात तिथे. पैसे देणारे स्वयंसेवक येत राहतात, म्हणून मुलं लागत राहतात. २०१५ च्या भूकंपानंतर पुन्हा तेच होऊ लागलं, तेव्हा युनिसेफनं उघड इशारा दिला आणि नेपाळ सरकारनं कागदपत्रांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली.

तू ज्या आश्रमात जाणार होतीस तो असाच आहे, असं मी म्हणत नाही. पण महिनाभरात तुला ते ओळखता येणार नाही. आणि तू शिक्षिका आहेस. तुझ्या वर्गात दर महिन्याला नवी बाई आली, मुलांना तिचा लळा लागला आणि ती निघून गेली, तर त्या वर्गाचं काय होईल हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ज्या मुलाचं घरच सुटलंय त्याच्यावर तर असं दर महिन्याला येऊ नये. ते ४५ हजार भरू नकोस. कुणाच्या शिक्षणाला मदत करायचीच असेल, तर जिथे मूल आपल्या आईजवळ राहून शाळेत जातं तिथे कर.

मग सेवेचं काय? विपश्यनेच्या केंद्रांवरच ती हवी असते. दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्या साधकाला पुढच्या शिबिरात धम्मसेवक म्हणून घेतात. भाजी चिरायची, भांडी घासायची, धम्मसेविका म्हणून नव्या साधिकांची अडीअडचण बघायची आणि दिवसातून तीनदा सगळ्यांबरोबर ध्यानाला बसायचं. शुल्क नाही, शिबिरालाही नाही. तुझ्यासारख्याच दुःख घेऊन आलेल्या कुणाच्या तरी ताटात तू वरण वाढशील, आणि तुझ्या जाण्यानं मागे कुणाचं काही तुटणार नाही.

म्हणून क्रम फिरव. पहिलं शिबिर दिवाळीच्या आधी आपल्या नागपूरच्या धम्मनाग या विपश्यना केंद्रात कर. आधी काठमांडूला बसू नकोस, याला कारण तुझी गोळी आणि तुझे बाबा. पहाटे चारला घंटा होते, फोन जमा असतो, नऊ दिवस मौन, दहाव्या दिवशी बोलणं सुरू होतं. आगमनाची संध्याकाळ आणि निघायची सकाळ धरली तर बारा दिवस मोकळे ठेवावे लागतात. जानेवारीपासून शाळा, आई, पाहुणे यांच्या गडबडीत जे रडणं राहून गेलं असेल ते तिथे येईल. येऊ दे. जड गेलं तर आचार्यांना भेटायची रोज ठरलेली वेळ असते, ती वापर. पण हे पहिल्यांदा घडताना घर तासाभरावर असलेलं बरं. अर्जात औषधं आणि मनाची स्थिती विचारतात, तिथे गोळीचं खरं लिही. आणि शिबिरासाठी म्हणून ती मनानं बंद करू नकोस. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना आधी जाऊन विचार. ते थांब म्हणाले तर थांब, शिबिरं वर्षभर असतात.

ते पार पडलं की काठमांडूच्या बुढानीलकण्ठला, शिवपुरीच्या पायथ्याशी असलेल्या धम्मशृंग केंद्रात सेवेसाठी अर्ज कर. नेपाळचा दीड महिन्याचा बेत तीन आठवड्यांवर येईल.

दादाची काळजी खोटी नाही, तिला उत्तर दे. विमान दिवसा पोहोचेल असं बघ. केंद्राच्या कार्यालयाचा नंबर त्याच्या हातात दे, शिबिर चालू असतानाही निकडीचा निरोप तिथून पोहोचवतात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. तुझ्या वयाला आधार कार्ड चालत नाही, विमानतळावरून परत यावं लागेल.

आता आई. माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय. दादा बोलून मोकळा झाला, तिनं ताट बाजूला सारलं. वर्षाच्या आत दुसरं माणूस घरातून निघालंय, एवढंच तिला दिसतंय. "मी परत येईन" हे तू तिला दहादा सांगितलं असशील. त्यापेक्षा तिला सोबत घे, पूर्ण प्रवासाला नाही, शेवटच्या टप्प्याला. नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी आहे. तिथून सोनौलीची सीमा साधारण शंभर किलोमीटर, आणि पलीकडे लुंबिनी तासाभरावर. तू काठमांडूहून खाली ये, दादा आईला घेऊन येऊ दे. मायादेवी मंदिर आणि अशोकाचा स्तंभ तिघं मिळून बघा. बुद्ध इथे जन्मले म्हणून गावाचा कर कमी केला, हे त्या स्तंभावर बावीसशे वर्षांपासून कोरलेलं आहे. बाबांचं राहून गेलेलं एकट्या तुझं नाही, तिचंही आहे, आणि दादाचंही.

तिला हे जेवताना विचार, फोनवर नको. ती लगेच हो म्हणणार नाही. "माझे गुडघे" म्हणेल, "खर्च" म्हणेल. तरी त्याच आठवड्यात तिचं मतदार ओळखपत्र शोधून ठेव, आणि त्यावरचं नाव रेल्वेच्या तिकिटावर जसंच्या तसं घाल.